बेडूक न कापता जीवशास्त्र

जीवशास्त्र हे सजीवांचे शास्त्र होय. तथापि अनेक पिढ्यांतील विद्यार्थ्यांना या शास्त्राची पहिली ओळख झाली ती मृत बेडकावरून. क्लोरोफॉर्म दिलेला बेडूक मेणाचा थर असलेल्या तबकात टाचण्यांनी ताणून बसवावयाचा, पोट उघडावयाचे आणि अवयवांची आकृती वहीत काढावयाची, की प्रात्यक्षिक पूर्ण होत असे.

हे बेडूक प्रयोगशाळेत जन्मलेले नसत. ते भातखाचरांतून व डबक्यांतून पकडून आणले जात, आणि बेडूक सहज हाती लागतात ते पावसाळ्यात, म्हणजे नेमके त्यांच्या विणीच्या काळात. त्याच काळात बेडकांच्या तंगड्यांची परदेशी निर्यातही जोरात होती. पिकांवरील किडे खाणाऱ्या या प्राण्याची संख्या घटणे शेतकऱ्यास परवडणारे नव्हते. अखेर १९८७ मध्ये केंद्र शासनाने ही निर्यात बंद केली.

कायदा काय सांगतो?

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा आहे. शाळा-महाविद्यालयांत पुस्तके, प्रतिकृती, चित्रपट यांसारख्या साधनांनी काम भागत असेल तेथे प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत, तसेच केवळ हाताला सफाई यावी म्हणून ते शक्यतो करू नयेत, असा त्यातील १७ व्या कलमाचा आशय आहे. या दिशेने विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली. २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या पदवी व पदव्युत्तर वर्गांतील विच्छेदन बंद करण्यास सांगितले.

प्रत्यक्ष अवयव पाहिल्याविना ज्ञान पक्के होत नाही, अशी शंका काही शिक्षक व्यक्त करतात. ती अगदीच निराधार नाही. पशुवैद्य होऊ इच्छिणाऱ्यास पुढे शरीररचना जवळून पाहावीच लागते. परंतु वर्गातील बहुसंख्य विद्यार्थी त्या वाटेने जाणारे नसतात. हृदयाचे तीन कप्पे त्यांना प्रतिकृतीवरून अधिक स्पष्ट दिसतात, आणि प्रतिकृती पुन्हा पुन्हा उघडून पाहता येते.

जिवंत धडा

शिवाय मृत बेडूक जे शिकवू शकत नाही, ते गावचे डबके शिकविते. पाण्यातील बेडूकमासे दररोज पाहावेत. प्रथम मागचे पाय दिसू लागतात, मग पुढचे. शेपूट हळूहळू शरीरातच जिरते. कल्ल्यांऐवजी फुप्फुसांनी श्वसन सुरू होते. शेवाळ खाणाऱ्या बेडूकमाशाचे लांब, वेटोळ्यांचे आतडे पोटाच्या पातळ कातडीतून दिसू शकते. किडे खाणारा बेडूक होताना तेच आखूड होते. आहार आणि शरीररचना यांचे नाते येथे शस्त्राविना उमगते. मात्र बेडूकमासे पकडून बाटलीत भरू नयेत. निरीक्षण पाण्याकाठीच करावे.

हे निरीक्षण केवळ बालवर्गापुरते आहे, असेही नव्हे. हुबळी-धारवाड या जुळ्या शहरांतील कर्नाटक विद्यापीठात प्रा. श्रीनिवास सैदापूर व त्यांच्या सहकाऱ्यांनी बेडूकमाशांच्या वर्तनाचा अनेक वर्षे अभ्यास केला. काही जातींचे बेडूकमासे आपली भावंडे ओळखून त्यांच्याजवळ राहतात, असे त्यातून दिसून आले. हे ज्ञान पोहणाऱ्या, जिवंत बेडूकमाशांनीच दिले.

यास्तव शिक्षकांनी पावसाळ्यातील एक तास डबक्याकाठी घ्यावा, आणि ग्रामस्थांनी ती डबकी बुजू देऊ नयेत. गावाची ती बिनखर्चाची प्रयोगशाळा आहे.