झडप टिकते टाक्यांवर

वर्ध्याला खेटून असलेल्या नालवाडीत विनोबा 1932 साली राहायला आले, आणि 1934 मध्ये ग्रामसेवा मंडळ सुरू झालं. इथलंच चर्मालय गोपाळराव वाळुंजकरांनी चालवलं. कातडं घ्यायचं ते आपल्या मरणाने मेलेल्या गुरांचंच, हा तिथला दंडक. कमावलेलं कातडं कुजत नाही, कारण त्यातली प्रथिनं एकमेकांना जखडली जातात. चामड्याच्या धंद्यातलं ग्लुटारल्डिहाइड फ्रान्सचे हृदयशल्यचिकित्सक आलँ कार्पांतिए यांनी 1960च्या दशकाच्या अखेरीस माणसाच्या हृदयात बसवायच्या डुकराच्या झडपांसाठी वापरलं. पुढे गुरांच्या हृदयावरचं आवरणही असंच कमावून त्याच्या झडपा होऊ लागल्या. चर्मकाराची विद्या हृदयापर्यंत पोचली ती अशी.

झडप कमावलेली असो की धातूची, तिचं नशीब टाक्यांवर असतं. आपल्याकडे ऐन तरुणपणी झडप जाते ती बहुधा रुमॅटिक तापाने, आणि जास्त करून मायट्रलच, म्हणजे हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधली. रुग्णाला हार्ट-लंग मशीनवर घेऊन खराब झडप कापली की उरतं तिचं कडं. धाग्याच्या दोन्ही टोकांना सुया असतात. त्या शेजारीशेजारी कड्यातून काढायच्या, आणि मांस कापलं जाऊ नये म्हणून टाक्याखाली टेफ्लॉनचा इवलासा तुकडा. असे साधारण बारा ते सोळा टाके, एक हिरवा, एक पांढरा. रंग हौसेचे नाहीत. पंचवीस-तीस टोकं लोंबत असताना जोड्यांची सरमिसळ झाली तर सगळाच घोळ. मग प्रत्येक जोडी नव्या झडपेच्या कापडी कडेतून ओवायची, सहाय्यकाने धागे ताणून धरायचे, आणि झडप त्यांच्यावरून सरकत जागेवर उतरते. त्यानंतर गाठी, एकेका टाक्याला पाच-सहा. हे काम घाईचं नाही, पण हृदय थांबलेलं असतं.

सुई किती खोल घालायची, खरा कस इथे लागतो. मायट्रलच्या मागून सर्कम्फ्लेक्स धमनी जाते. महाधमनीच्या झडपेपाशी ठोक्याचा संदेश नेणारे तंतू असतात. टाका खोल गेला तर धमनी आवळते किंवा पेसमेकर बसवायची पाळी येते. उथळ राहिला तर झडपेच्या कडेने रक्त गळतं, त्या फटीत लाल पेशी फुटतात आणि रुग्ण फिका पडत जातो. गाठीचं शेपूट लांब सुटलं तर धातूच्या झडपेची तबकडीच अडायची.

तबकडीची अशीच एक देशी झडप म्हणजे चित्रा. डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या त्रिवेंद्रमच्या संस्थेत घडलेली ही झडप 6 डिसेंबर 1990 रोजी पहिल्यांदा बसवली गेली. तिच्या आधीचे नमुने बाद झाले होते. तबकडी प्लास्टिकची, सांगाडा मिश्रधातूचा, शिवायची कड पॉलिएस्टरची. परदेशी झडपेच्या मानाने ती स्वस्त, म्हणून आपल्याकडे तिचं मोल मोठं.

टाक्यांशिवाय बसणाऱ्या झडपाही आल्या आहेत, पण त्या मुख्यतः महाधमनीसाठी, तेही वयस्क रुग्णांना. विशी-तिशीतल्या मायट्रलच्या रुग्णाला मात्र अजून हाताने घातलेल्या गाठींचाच आधार.