कॅसेट बसते, पण चालत का नाही?



आपल्या भद्रावतीकडे काही घरांत सज्ज्यावर टीव्ही गेमच्या जुन्या कॅसेटी अजून पडून असतात. मुलं विचारतात, "ही कॅसेट नव्या गेममध्ये का नाही चालत?" प्रश्न साधा वाटतो, पण त्यात विज्ञानाचा चांगला पाठ आहे.

जपानच्या निंटेंडो कंपनीने १९८३ मध्ये 'फॅमिकॉम' काढला. आपल्याकडचे स्वस्त टीव्ही गेम म्हणजे बहुतेक त्याचीच नक्कल. त्याच्या कॅसेटला ६० पिना, तर अमेरिकन कॅसेटला ७२. पण आतली रचना जवळपास तीच. त्यामुळे अमेरिकन कॅसेट आपल्याकडच्या यंत्रात लावायला पिना जुळवणारा साधा अडॅप्टर पुरतो.

१९९० मध्ये 'सुपर फॅमिकॉम' आला, तेव्हा अडचण वेगळी होती. त्याच्या मुख्य चिपला जुन्या सूचना बऱ्याच समजत होत्या, पण चित्र आणि आवाज तयार करणाऱ्या चिपा बदलल्या होत्या. नुसत्या पिना जुळवून काय होणार? १९८८ च्या प्रात्यक्षिकात कंपनीने जुन्या कॅसेटींसाठी 'फॅमिकॉम अडॅप्टर' दाखवला होता. नाव अडॅप्टर, पण आत जवळपास अख्खं जुनं यंत्रच! तो बाजारात कधी आलाच नाही. जुने गेम खेळायचे तर जुनं यंत्र सांभाळणं आलं.

सेगा कंपनीने वेगळा मार्ग धरला. १९८८ च्या 'मेगा ड्राइव्ह'मध्ये जुन्या यंत्राची झेड-८० चिप ठेवली आणि चित्राच्या चिपमध्ये जुनी पद्धतही राखली. म्हणून त्यांच्या 'पॉवर बेस कन्व्हर्टर'ला मुख्यतः पिना जोडण्याचंच काम उरलं.

वर्गात जुनी कॅसेट आणा. मुलांना पिना मोजू द्या. एका बाजूला ३०, दुसऱ्या बाजूला ३०. मग दोन प्रश्न विचारा : बसते का? आणि यंत्राला समजते का?

हेच दोन प्रश्न आपणही स्वतःला विचारायला हवेत. आपल्याकडे पहिलीत येणारं मूल झाडीबोली, वऱ्हाडी किंवा गोंडी घेऊन येतं. ते बाकावर नीट बसलं म्हणजे त्याला पुस्तकातली मराठी समजली, असं नाही. घरची बोली वर्गाबाहेर ठेवली, तर त्याचं आधीचं सगळं शिकणं सज्ज्यावरच्या कॅसेटीसारखं पडून राहतं. उद्या एखादं गणित अडलं, तर तेच त्याच्या बोलीत विचारून पाहा. पालकांनो, घरीही बोलीतच समजावा. पुस्तकातला शब्द त्याला मागाहून जोडता येतो.