गिटारच्या फ्रेटला कानस लावण्यापूर्वी

वरूड : वऱ्हाडातला उन्हाळा संत्र्याच्या बागांना जसा जड जातो, तसाच तो लाकडी वाद्यांनाही जातो. मे महिन्यात वरूड परिसरात पारा ४५ अंशांच्या घरात पोहोचतो, हवेतला ओलावा जवळजवळ नाहीसा होतो आणि भिंतीवर टांगलेली गिटार एकाएकी खरखरू लागते. मानेच्या कडेवरून बोट फिरविले, तर फ्रेटची टोके बोचतात. ‘फ्रेट घासून घ्या’ हा सल्ला अशा वेळी सर्रास मिळतो. तो घाईने अमलात आणणे मात्र महागात पडू शकते.

फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवर आडव्या बसविलेल्या धातूच्या पट्ट्या. सतारीच्या भाषेत पडदे. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असल्याने सरकवता येतात. गिटारचे फ्रेट मात्र खाचांमध्ये ठोकून पक्के केलेले असतात आणि त्यांची उंची असते साधारण एक मिलिमीटर. एखादा फ्रेट केसभर जरी वर राहिला, तरी त्याच्या अलीकडच्या फ्रेटवर दाबलेली तार कंप पावताना त्याला घासते. वर्षानुवर्षांच्या वादनाने तारांखाली खळगे पडले, तरी परिणाम तोच होतो.

परंतु प्रत्येक खरखरीचा दोष फ्रेटचा नसतो. कोरड्या हवेत लाकूड आकसते, धातू तेवढा आकसत नाही. म्हणूनच टोके बाहेर डोकावतात. ध्वनिपेटीचा वरचा पत्रा खाली बसतो, मान किंचित मागे झुकते आणि तारा फ्रेटच्या जवळ येतात. पावसाळ्यात हेच चक्र उलटे फिरते, तारा उंचावतात आणि बोटे दुखू लागतात. मे महिन्यात खरखरणारी गिटार ऑगस्टमध्ये आपोआप सुधारल्याचे त्यामुळेच दिसते. कूलरच्या झोतासमोर ठेवलेल्या वाद्याचे हाल तर विचारूच नयेत. त्याच्या वाट्याला एकाच दिवसात दोन्ही ऋतू येतात.

म्हणून जाणता कारागीर प्रथम मान तपासतो. मानेच्या आत ट्रस रॉड ही पोलादी सळई असते. तिचा स्क्रू फिरवून मान सरळ केली जाते आणि पुष्कळदा काम तेथेच संपते. तरीही खरखर राहिली, तर लहान सरळपट्टी एका वेळी तीन फ्रेटवर टेकवून पाहतात. पट्टी डुगडुगली, की मधला फ्रेट उंच आहे असे समजावे. तो खाचेतून उचकटलेला असल्यास ठोकून बसविणे पुरेसे ठरते.

हे सारे करून भागले नाही, तरच समपातळीचे काम हाती घेतात. लाकडावर चिकटपट्टी लावून फ्रेटच्या माथ्यांवर मार्करची शाई फासतात आणि लांब, सपाट कानस किंवा पॉलिश पेपर लावलेली पट्टी हलक्या हाताने फिरवितात. शाई जेथे शिल्लक राहते, तो भाग खोलगट. सर्व माथ्यांवरची शाई गेली, की थांबायचे. आता माथे सपाट झालेले असतात आणि सपाट माथ्यावर स्वर नेमका लागत नाही. म्हणून खोबणीच्या कानशीने त्यांना पुन्हा गोलाई देतात. हा टप्पा वेळखाऊ असतो आणि स्वस्तात काम करणारे नेमका तोच गाळतात. शेवटी बारीक पेपरने चकाकी आणली जाते.

महाराष्ट्राला हे कौशल्य अगदीच परके नाही. मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील सतारमेकर घराण्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे होते. तंबोऱ्याची जवारी काढताना घोडीचा माथा घासतात तो तार हलकेच स्पर्शून झणकारावी म्हणून. गिटारमध्ये नेमका तोच स्पर्श टाळायचा असतो.

घासलेला धातू परत येत नाही. एक मिलिमीटरच्या भांडवलात असे काम मोजक्याच वेळा होऊ शकते. पुढे फ्रेट उपटून नवे बसवावे लागतात आणि साध्या गिटारसाठी तो खर्च वाद्याच्या किमतीला भिडतो. त्यापेक्षा उन्हाळ्यात गिटार बंद पेटीत ठेवावी, सोबत छिद्रे पाडलेल्या साबणाच्या डबीत घट्ट पिळलेला ओला स्पंज ठेवावा आणि पहिला पाऊस पडल्यानंतर महिनाभराने खरखर पुन्हा ऐकून पाहावी. कारागिराकडे नेतानाही नेहमीच्याच जाडीच्या तारा चढवून न्यावी. मानेवरचा ताण त्या तारांनुसार ठरतो.