टॅब्लेट संगणक : ग्राहक बाजारपेठेतील स्पर्धा

पाटीच्या आकाराचा, पडद्यास स्पर्श करून चालविला जाणारा संगणक म्हणजे टॅब्लेट संगणक. ॲपल कंपनीचा आयपॅड २०१० मध्ये विक्रीस आला व त्याच वर्षी सॅमसंग कंपनीने अँड्रॉइड प्रणालीवरील गॅलक्सी टॅब आणला. स्पर्धेत यंत्राच्या घडणीइतकेच महत्त्व त्यावर चालणाऱ्या ॲपच्या विपुलतेस होते. त्या बाबतीत तोकडा पडलेला ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचा टचपॅड जुलै २०११ मध्ये आला आणि ऑगस्टमध्येच बंद झाला.

भारतात किंमत निर्णायक ठरेल, अशी अपेक्षा होती. केंद्र शासनाने विद्यार्थ्यांसाठी डेटाविंड कंपनीचा ‘आकाश’ ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्ली येथे सादर केला. शासनास तो सु. २,२७६ रुपयांस पडे. परंतु त्याचा पडदा दाबाने चालणारा असल्याने बोटाचा जोर लागे. ३६६ मेगॅहर्ट्‌झचा प्रक्रियकही मंद होता. पुढे हे काम पवई (मुंबई) येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेकडे आले. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी सादर झालेल्या ‘आकाश-२’ मध्ये नुसत्या स्पर्शाने चालणारा पडदा, १ गिगॅहर्ट्‌झचा प्रक्रियक व दुप्पट स्मृती होती. किंमत जवळजवळ तीच. ही सुधारणा खरी, पण उशिराची. तोवर मायक्रोमॅक्ससारख्या देशी कंपन्यांचे स्वस्त टॅब्लेट खुल्या बाजारात आले होते. पुढे मोठ्या पडद्याच्या भ्रमणध्वनींनी लहान टॅब्लेटची गरजच कमी केली. २०२० च्या टाळेबंदीत शाळा घरातून भरू लागल्यावर ही मागणी पुन्हा वाढली.