पाळीपत्रकात झोपेलाही जागा हवी

कोल्हापूरला लागून, हुपरी रस्त्यावर असलेल्या गडमुडशिंगीत रात्र सगळ्यांची एकाच वेळी होत नाही. जवळच गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत आहे, शिवारात ऊस आहे आणि गावात गोकुळ दूध संघाचा महालक्ष्मी पशुखाद्य कारखानाही आहे. या टापूतल्या एकेका घरात नोकरी, शेती आणि दुभती जनावरे एकत्र नांदतात. कुणी रात्रपाळी करून सकाळी परततो, कुणी रात्री लाईट आली म्हणून उसाला पाणी पाजायला निघतो, आणि पहाटे धार काढायला कुणाला तरी उठावेच लागते, कारण डेअरीची वेळ चुकवून चालत नाही. अशा माणसांना ‘लवकर झोपा, मोबाईल लांब ठेवा’ एवढे सांगून भागत नाही. त्यांची झोप त्यांच्या इच्छेपेक्षा पाळीपत्रकावर आणि विजेच्या वेळापत्रकावर जास्त ठरते. म्हणून काम चांगले हवे असेल, तर झोपेची तजवीज कामाच्या नियोजनातच करायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्वित्झर्लंडमधले संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये झोपेमागच्या दोन प्रक्रिया मांडल्या. एक म्हणजे जागरणाबरोबर साठत जाणारी झोपेची ओढ आणि दुसरे शरीरातले चोवीस तासांचे घड्याळ. दिवसा काम करणाऱ्याला ही दोन्ही रात्री एकाच वेळी झोपेकडे नेतात. रात्रपाळीत त्यांची फारकत होते. कामगार सकाळी घरी येतो तेव्हा अंग झोपेला आलेले असते, पण बाहेर उजाडलेले, शरीराचे तापमान चढू लागलेले आणि घड्याळ जागे व्हायला सांगणारे. म्हणून दमलेला असूनही चार-पाच तासांत त्याचे डोळे उघडतात. याच्या उलट, पहाटे तीन ते पाचच्या सुमारास घड्याळ शरीराला सर्वांत मंद करते, आणि नेमके त्याच वेळी फौंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामावर, असलेल्या माणसाला सर्वांत सावध राहावे लागते. सुमारे १४०० अंशांचे वितळलेले लोखंड लेडलमधून, म्हणजे ओतायच्या भांड्यातून, साच्यात ओतताना धार अखंड राहावी लागते. हात क्षणभर थबकला तर कास्टिंग वाया जाते, आणि लोखंड उडाले तर माणूस भाजतो. १९९७ मध्ये डॉसन आणि रीड या संशोधकांनी दाखवले, की सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते. आपल्या मोटार वाहन कायद्यात चालकासाठी मर्यादा ०.०३ टक्के आहे. दारू प्यायलेल्याला भट्टीजवळ कुणी जाऊ देणार नाही. सतरा तास जागलेल्याला मात्र आपण बिनधास्त पाठवतो.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे, ‘आम्हाला सवय झालीय, पाच-सहा तास पुरतात.’ हे सांगणारा खोटे बोलत नसतो, पण त्याची जाणीव त्याला फसवत असते. व्हॅन डाँगेन आणि डिंजेस यांच्या गटाने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना दोन आठवडे रोज सहाच तास झोपू दिले. त्यांची एकाग्रता दिवसेंदिवस ढासळत गेली आणि अखेरीस एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांच्या पातळीवर आली. झोप येत असल्याची तक्रार मात्र सुरुवातीला वाढून नंतर फारशी वाढली नाही. म्हणजे थकव्याची जाणीव थांबली, चुका थांबल्या नाहीत. वाडवडील पहाटे उठत, हेही खरे; पण ते दिवेलागणीनंतर लवकर अंथरुणावर पडत, हा त्याच गोष्टीचा दुसरा भाग आहे.

याहून वजनदार आक्षेप मात्र एका भारतीय अभ्यासातून येतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे नाही. चेन्नईत ४५२ कमी उत्पन्नाच्या लोकांना संगणकावर माहिती भरण्याचे काम देऊन अर्थतज्ज्ञांनी त्यांची झोप मोजली; निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. हे लोक अंथरुणावर आठ तास असत, प्रत्यक्ष झोप साडेपाच तासांच्या आसपास. सल्ला आणि झोपेला सोयीच्या वस्तू दिल्यावर रोजची झोप सरासरी २७ मिनिटांनी वाढली, पण काम, विचारशक्ती वा मनःस्थिती काहीच सुधारले नाही. मग झोपेचा उपयोग काय, असे कुणी विचारेल. पण उष्मा, आवाज आणि डास यांनी वारंवार मोडणारी झोप थोडी लांबली, म्हणून ती सलग होत नाही. त्याच अभ्यासात कामाच्या ठिकाणी दुपारी शांत जागी घेतलेल्या छोट्या झोपेने, नुसती सुट्टी घेणाऱ्यांच्या तुलनेत, उत्पादकता, लक्ष आणि मन तिन्ही सुधारले. त्या वेळातही काम करत राहिलेल्यांची एकूण कमाई मात्र जास्तच राहिली. याचा अर्थ झोपेचा वेळ कामगाराच्या मजुरीतून कापून चालणार नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती दिलीच होती. त्या अर्ध्या तासात पाठ टेकायला थंड, अंधारी खोली मिळाली तर कुणाचे काही बिघडत नाही.

पाळ्या फिरवण्याची दिशाही बदलता येते. माणसाचे आतले घड्याळ चोवीस तासांहून थोडे लांब चालते, त्यामुळे उशिरा झोपणे त्याला लवकर झोपण्यापेक्षा सोपे जाते. पहिलीनंतर दुसरी, दुसरीनंतर रात्रपाळी असा क्रम म्हणून बरा. अमेरिकेत युटामधल्या एका खनिज कारखान्यात चार्ल्स झाइस्लर आणि सहकाऱ्यांनी हा क्रम लावला, पाळीही दर आठवड्याऐवजी सावकाश बदलली. १९८२ च्या त्यांच्या अहवालात कामगारांचे समाधान आणि उत्पादन दोन्ही वाढल्याचे दिसले. यासाठी यंत्र घ्यावे लागत नाही, फक्त कागदावरचा क्रम बदलावा लागतो.

विजेचा प्रश्न मोठा आहे. रात्रीच्या विजेला सवलत, म्हणून भट्ट्या रात्री, आणि कृषिपंपांनाही पुरवठा रात्री, असे वर्षानुवर्षे चालले. फेब्रुवारी २०२२ मध्ये दिवसा दहा तास विजेसाठी शेतकरी नेते राजू शेट्टी कोल्हापुरात महावितरणच्या दारात धरणे धरून बसले, ते झोपेसाठीही आंदोलन होते असे मी मानतो. साप-विंचवाच्या अंधारात पाणी पाजून सकाळी कामावर जाणाऱ्याला दुसरा उपाय नव्हता. २०२३ मध्ये केंद्राने दिवसाच्या सौर तासांत उद्योगांना स्वस्त दराचे नियम केले आणि राज्याने सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा आणला, हे योग्य दिशेने आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतले दिवसाचे काम नऊवरून बारा तासांपर्यंत नेण्यास राज्य मंत्रिमंडळाने दिलेली मान्यता मात्र मला घातक वाटते. आठवड्याचे ४८ तास कायम राहिले तरी, बारा तास काम करून जनावरे आणि शेत पाहणाऱ्याला सलग सात तास झोप मिळणार कुठून?

घरच्यांना करता येण्यासारखे थोडे आहे, पण ते करावेच. रात्रपाळीवाल्याने परतताना चहा टाळावा, कारण त्यातले अर्धे कॅफीन चार-पाच तासांनंतरही अंगात उरते. खिडकीला जाड पडदा लावावा, पंखा चालू ठेवावा. दुपारी बारापर्यंत त्याला गिरणीच्या किंवा बँकेच्या कामासाठी उठवू नये. आणि कारखान्याच्या मालकांनी पुढच्या महिन्याचे पाळीपत्रक लावण्याआधी कामगारांना एकदा विचारावे, की त्यातल्या कोणत्या दिवशी त्यांना झोपायला वेळ मिळतो.