चारोळीचे झाड आणि त्याची लागवड

श्रीखंडात व बासुंदीत पडणारी चारोळी आपल्या घरोघरी परिचित आहे, आणि किराण्याच्या पेढीवर तर ती नित्य तोलली जाते. तथापि ज्या झाडापासून ती मिळते ते झाड आपणांपैकी थोड्यांनीच पाहिले असेल. टी. टी. नगरात राहणाऱ्या आम्हांस त्यासाठी दूर जावयास नको. छिंदवाडा, बैतूल, शिवनी या जिल्ह्यांच्या रानांत ते आपोआप वाढते. हिंदीत त्यास अचार किंवा चार म्हणतात.

हे झाड आंब्याच्या कुळातील होय. माघ-फाल्गुनात त्यास पांढुरका मोहोर येतो आणि वैशाख-ज्येष्ठाच्या सुमारास फळ पिकून जांभळट काळे होते. गर आंबटगोड असून तो रानातील माणसे आवडीने खातात. फळे रात्रभर भिजवून, चोळून गर काढतात. बी वाळवून जात्यावर भरडले की टणक कवच फुटून आतील मगज, म्हणजेच चारोळी, हाती येते. त्यात सुमारे निम्मे तेल असते, म्हणूनच दमट कोठारात ती लवकर खवट होते.

खरी अडचण तोडणीची आहे. रान सर्वांचे, आपण न तोडल्यास दुसरा तोडील, या धास्तीने फळ हिरवे असतानाच ओरबाडले जाते, कित्येकदा फांद्याही तोडल्या जातात. कच्च्या फळाचा मगज सुरकुततो, वजनास कमी भरतो आणि रुजण्यास बी उरत नाही. लेश्यांचे स्वरूप समजावताना जांभळाच्या झाडापाशी आलेल्या सहा भुकेल्यांचा दृष्टान्त देतात. त्यांतील एक झाड मुळापासून तोडू पाहतो, तर शेवटचा खाली पडलेली फळेच वेचतो. पण संग्राहकास दोष देण्यापूर्वी आपण पेढीवर कच्च्या व पक्क्या मालास एकच भाव देतो काय, हे पाहावे. आमच्या मते पक्क्या बियांस उघड अधिक दर मिळाल्यावाचून कोणीही थांबणार नाही.

ज्यांची गावी शेती आहे त्यांनी बांधावर किंवा मुरमाड पडीत जमिनीत हे झाड अवश्य लावावे. पाणी साचणारी जागा मात्र टाळावी. बी ताजेच पेरावे, कारण जुन्या बियांची उगवण फार कमी होते. पाण्यात तरंगणाऱ्या पोचट बिया फेकाव्यात. उरलेल्यांचे कवच, आतील मगज न दुखावता, हलकेच तडकवावे. सोटमूळ लांब जात असल्याने उंच पिशवीत रोप करून पावसाळ्याच्या आरंभी आठ ते दहा मीटर अंतरावर लावणे बरे. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी व गुरांपासून राखण हवी; पुढे झाड आपले आपण तगते. बियांपासूनच्या झाडास फळ धरण्यास आठ-दहा वर्षे लागतात. त्यामानाने कलम लवकर फळते. गुजरातेत गोध्र्याजवळील वेजलपूरच्या संशोधन केंद्राने ‘थार प्रिया’ ही जात निवडली आहे. कलमे घेताना तिची चौकशी करावी.