प्रवासाहून आलात आणि ताप आला? नुसत्या विडालवर थांबू नका

आजचा विषय ताप. पण प्रवासाहून घरी आल्यावर येणारा.

समजा, तुमचा एक मित्र सहा महिने नायजेरियात कामाला होता. मुंबईत उतरल्यावर दहा दिवसांनी ताप, डोकं ठणकतंय, पोट बिघडलंय. कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये विडाल केली, पॉझिटिव्ह आली. ‘टायफॉइड आहे’ म्हणून गोळ्या सुरू. झालं?

नाही ना! आफ्रिकेतून आलेल्या माणसाला ताप आला की पहिला संशय मलेरियाचा. फाल्सिपेरम मलेरियातही असाच ताप, अशीच डोकेदुखी, कधी जुलाबसुद्धा. आणि तो काही दिवसांत जीवावर बेततो. म्हणून मलेरियाची तपासणी त्याच दिवशी. निगेटिव्ह आली आणि ताप राहिला, तर पुन्हा.

मग विडालचं काय? ही टेस्ट १८९६ सालची, फ्रेंच डॉक्टर विडाल यांच्या नावाची. ती जंतू शोधत नाही, जंतूंविरुद्ध शरीरानं तयार केलेल्या अँटिबॉडीज शोधते. त्या जुन्या संसर्गाच्या असू शकतात, लसीच्या असू शकतात. मलेरियातही ती फसवी पॉझिटिव्ह येते. उलट खऱ्या टायफॉइडमध्ये पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकते. स्वस्त आहे, झटपट आहे, म्हणून चालते. माझ्या मते एवढ्या एका कागदावर अँटिबायोटिक सुरू करू नये.

खरी टेस्ट म्हणजे ब्लड कल्चर. रक्तातले जंतू बाटलीत वाढवून बघतात. दोन-तीन दिवस लागतात आणि साधारण ६० टक्के रुग्णांमध्येच जंतू सापडतात. आधीच अँटिबायोटिक घेतलं असेल तर आणखी कमी. त्यामुळे रक्त आधी, गोळी नंतर. जंतू सापडला की कुठलं औषध चालेल तेही कळतं. २०१६ पासून पाकिस्तानातल्या सिंधमध्ये असा टायफॉइड पसरलाय, ज्यावर नेहमीचं सेफ्ट्रायॅक्झोनसुद्धा चालत नाही. म्हणून ‘कुठून आलात?’ हा प्रश्न औषध ठरवतो.

हे उलट्या दिशेनंही लागू आहे बरं का. न्यू जर्सीहून पुण्याला लग्नाला येणारे आपले लोक ‘आपल्याच घरी तर चाललोय’ म्हणून टायफॉइडची लस टाळतात, आणि परत गेल्यावर तापानं पडतात.

तारखाही महत्त्वाच्या. डेंग्यू चावल्यापासून दोन आठवड्यांच्या आत दिसतो. परतून महिना झाल्यावर ताप आला तर तो त्या ट्रिपचा डेंग्यू नव्हे. टायफॉइडला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. व्हायवॅक्स मलेरिया तर काही महिन्यांनीही डोकं वर काढतो.

हिमाचलला ट्रेक करून आलात? काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली काळी खपली आहे का बघा. ती स्क्रब टायफसची खूण. दुखत नाही, म्हणून कळतही नाही. त्याला डॉक्सीसायक्लिन लागतं, टायफॉइडचं इंजेक्शन उपयोगाचं नाही.

आणि नेहमी येणारा प्रश्न: ‘औषध सुरू केलं, तीन दिवस झाले, ताप आहेच. बदलू का?’ टायफॉइडमध्ये योग्य औषधावरही ताप उतरायला चार-पाच दिवस लागतात. स्वतःहून बदलू नका, कल्चरचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा. पण पोटात जोरात दुखायला लागलं, शौचातून रक्त गेलं किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर रिपोर्टची वाट न बघता थेट हॉस्पिटल.